स्टीरिओ आणि दोन माठ

1984 साली परभणीत मी स्टीरिओ घ्यायला निघालो, तेव्हा खिशात पैसे मोनोचेच होते. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, खोकी कशाला घेता? नुसते स्पीकर न्या. पैसे वाचतील."

वाचले खरे! पण घरी कॅसेट लावली, तर भीमसेनजी पुण्याहून ट्रंक कॉलवर गात होते. उघड्या स्पीकरचा मागचा आवाज पुढच्याला खातो, हे ज्ञान शेजारच्या रेडिओ मेकॅनिकनं फुकट दिलं. "माठाच्या तोंडावर बसवा." घरात माठ दोनच. बायको माहेरी, सेलूला.

बसवले. तरी पखवाज गायबच! एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. त्या बदलल्या आणि काय घुमला म्हणून सांगू!

एप्रिलात बायको परतली. स्टेशनवरून घामाघूम, ती थेट माठाकडे.

"अहो, पाणी कुठंय?"

"आधी ऐक तर," म्हणत मी अभंग लावला. तिनं डोळे मिटून अख्खा ऐकला. मला वाटलं, जिंकलो.

"छानच आहे हो," ती म्हणाली, "आता यातला एक मोकळा करा."

पुढं कित्येक वर्षं, होळीपासून मृगापर्यंत आमचा स्टीरिओ मोनोच असायचा.