कात्रणं

रंगपेटी उघडायची, ब्रश भिजवायचा, कागदाकडे बघायचं आणि नेमकं तेव्हाच आठवायचं की दळण आणायचं राहिलंय. मधली काही वर्षं माझं चित्रकाम असं चाललं होतं. दळण, लाइट बिल, कुणाचा तरी वाढदिवस. सबबींना तोटा नव्हता. पोटापाण्याचं काम मात्र बिनबोभाट व्हायचं. लग्नपत्रिका आणि कॅलेंडरांची डिझाइन्स करते मी, कोल्हापुरात. लग्नसराईत एका बैठकीत गणपतीचे वाटतील तितके प्रकार काढून देईन. पण स्वतःचं जलरंगातलं चित्र म्हटलं की हात आखडायचा.

दुखणं कुठलं, ते ठाऊक होतं. एका प्रदर्शनात माझा पंचगंगेचा घाट लोकांना आवडला, विकलाही गेला. त्यानंतर प्रत्येक कोऱ्या कागदावर तो घाट आधीच येऊन बसलेला. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांच्या आत एक परीक्षक कायमचा मुक्कामाला येतो. ए ग्रेडवाल्यांकडे तर तो जास्तच हक्काने राहतो. पहिला वॉश वाळायच्या आत गुण द्यायला लागतो. जलरंगाला हे अजिबात चालत नाही. तैलरंगात बिघडलेलं खरवडता येतं, वरून झाकता येतं. इथे पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा. तो गेला की गेला. भ्यालेला हात अर्धवट ओल्या रंगात पुन्हा पुन्हा ब्रश फिरवतो, खालचा थर उठतो, सगळं मळतं. याला चित्र चिवडणं म्हणतात. त्यात कागद तीनशे जीएसएमचा, सुती. त्याची किंमत आठवली की ब्रश आणखीच घाबरा.

‘बाहेर पड, हवापालट कर,’ असं मैत्रिणींनी सुचवलं. कोकणात जाऊन आले. मासे उत्तम होते.

रस्ता सापडला तो प्रेसमध्ये. पत्रिकांची प्रुफं बघायला जायचे तिथे कटिंग मशीनशेजारी कात्रणांचा ढीग असायचा: मॅपलिथो या छपाईच्या कागदाच्या वीतभर लांब, तीन बोटं रुंद पट्ट्या. मशीनवरच्या मामांना मागितल्या, तर त्यांनी गठ्ठाच बांधून दिला. मनात काही योजना नव्हती. फोन नंबर लिहायला होतील, एवढंच.

एकदा त्यातल्या एका पट्टीवर समोरचा विजेचा खांब काढला. मॅपलिथो जलरंगासाठी अगदी नालायक कागद. पाणी लागलं की पापडासारखा वाकतो, रंग झटकन पितो, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की त्याची साल निघते. म्हणजे चिवडायची सोयच नाही! जे पडलं ते पडलं. शिवाय त्या आकारात घाट मावत नाही, आभाळही मावत नाही. खांब, नळ, दाराची एक फळी, उभी म्हातारी, एवढंच बसतं. परीक्षकाला या मापाचा पेपर कधी आलेलाच नव्हता. तो गप्प बसला.

मग मी पट्ट्या पर्समध्ये टाकून कोटितीर्थ तलावावर जायला लागले. टाउन हॉलच्या संग्रहालयातली आबालाल रहिमान यांची चित्रं लहानपणापासून पाहिलेली. शाहू महाराजांच्या पदरचे हे चित्रकार, १९३१ मध्ये गेले. मुंबईला जे. जे.त शिकून आलेला माणूस कोटितीर्थाच्या काठी राहून तोच तलाव पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, आणि आमच्या गावात ही गोष्ट तपश्चर्या म्हणून सांगतात. मला आता वेगळाच संशय येतो. रोजची जागा असली की ‘आज काय काढू’ हा प्रश्नच निकालात निघतो, आणि सकाळचा निम्मा दम तर त्या प्रश्नातच जातो. त्यांचं कोटितीर्थ आता उरलेलं नाही. भोवती घरं चढलीत. मी काढायचे ती कपड्यांची दोरी, पाण्यातला खांबाचा हलणारा करडा. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना, दोनच रंग. निळा जरा जास्त पडला की करडा गार होतो, सिएना वाढला की उबदार. या एवढ्याशा फरकात सकाळ कशी जायची ते कळायचं नाही. दळण नवरा आणायला लागला.

घरी पट्ट्या भिंतीला टाचणीने लावत गेले. काही भिकार, काही बऱ्या. ओळीने लावल्यावर काहींचं एकमेकींशी जमतंय असं दिसायला लागलं, तेव्हा कपाटातला सुती कागद काढला, फळीवर डिंकाच्या टेपने ताणला आणि कोटितीर्थाचा काठ मोठा करायला घेतला. वरचा अर्धा असा उतरला की मीच बघत राहिले. खालच्या पाण्यात मात्र जुनी खोड जागी झाली, चिवडलं.

पूर्वी असं चित्र मी पलंगाखाली ढकललं असतं. या वेळी टेप सोडवून गुंडाळी थेट प्रेसमध्ये नेली आणि मामांना पेन्सिलची खूण दाखवली.

“ताई, भारीतला कागद हाय न्हवं ह्यो? कापायचा?”

“कापा मामा, खूण केलीय तिथून. आणि खालचा तुकडा टाकू नका, मागची बाजू कोरी आहे. त्याच्या तीन-तीन बोटांच्या पट्ट्या करून द्या.”