रविवार कुणाचा?

आपल्या वस्तीत कुणालाही 'जरा बसा' म्हटले की उत्तर ठरलेले असते, 'बसून कसे चालेल?' हे उत्तर आपण अभिमानाने देतो. त्याला कारणही आहे. आपल्या वाडवडिलांचा वेळ त्यांचा स्वतःचा नव्हता. गावकीच्या कामाला तास नव्हते, दिवस-रात्र नव्हती. हाक आली की तोंडातला घास खाली ठेवून उठावे लागे आणि घरातला एक गेला नाही तर दुसऱ्याने जावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा माणसाच्या चोवीस तासांवर गावाची जी मालकी होती तिच्यावरच त्यांनी बोट ठेवले होते. म्हणून आम्ही म्हणतो, सुट्टीच्या दुपारी दार लोटून दोन तास आडवे होणे याला आपल्या घरात कुणी आळस म्हणू नये. ते आपल्या माणसांनी भांडून मिळवलेले आहे.

रविवारची सुट्टीदेखील कुणी आपणहून दिली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती वर्षानुवर्षे मागितली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांचा होता, तो १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांवर आला. पगारी रजेचा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९२८ सालीच, कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या आधी व नंतर विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे असे त्यांनी कायदे मंडळात सांगितले होते.

एवढे सगळे झाले, पण ही सुट्टी कारखान्याच्या गेटपर्यंत आली आणि पुष्कळ घरांत उंबऱ्याबाहेरच थांबली.

आम्ही वस्तीच्या विहारात जमणाऱ्या बारा-चौदा जणी. कुणी दवाखान्यात आया आहे, कुणी सोसायट्यांत धुणी-भांडी करते, कुणी ठेकेदाराकडे झाडलोटीला जाते, दोघी पॅकिंगच्या कारखान्यात आहेत, एक अंगणवाडी सेविका आहे. मागच्या वर्षावासात ग्रंथवाचन झाले की आम्ही थोडा वेळ घरच्या गोष्टी बोलायचो. त्यातून असे ठरले की प्रत्येकीने आठवडाभर आपले तास लिहून काढायचे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मुलांच्या जुन्या वहीत, जमेल तसे. जिला लिहिता येत नाही तिचे तिच्या नातवाने लिहिले. उठणे किती वाजता, पाणी किती वाजता, कामाला जाणे-येणे, स्वयंपाक, भांडी, झोप.

आठवड्याने कागद समोर ठेवले तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेत भरली. आमच्यातल्या बहुतेकींचा सर्वांत लांब दिवस सोमवार नव्हता, शनिवारही नव्हता. तो रविवार होता! पाणी आले म्हणून पहाटे पाचला उठायचे ते उठायचेच. मग आठवडाभर साठलेले कपडे, गोधड्या, दळण, बाजार, मटणाचे वाटण, पाहुणे, मुलांचे गणवेश आणि रात्री सोमवारच्या डब्याची भाजी निवडणे. झाडलोटीला जाणाऱ्या आमच्या भगिनीची कामावरची पाळी आठ तासांची. तिचा घरचा रविवार भरला पंधरा तासांचा. दवाखान्यात तिला बीपीची गोळी लिहून दिली आणि विश्रांती घ्या असे सांगितले. गोळी कुठे मिळते ते कागदावर होते, विश्रांती कुठे मिळते ते नव्हते.

हे काही आपल्या वस्तीपुरतेच नाही. सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. म्हणजे स्त्रिया पावणेपाच तासांहून जास्त आणि पुरुष दीड तास. तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचाच हा हिशोब. जे लावतच नाहीत ते यात धरलेले नाहीत.

पण पुरुष मंडळींवर सरसकट राग काढण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. आमच्यातल्या तिघींचे मिस्टर वॉचमन आहेत. बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी नावालाच, एक खाडा झाला की पगार कापला जातो. मुलगा घरपोच सामानाच्या कामावर असेल तर त्याची सुट्टी म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास ४८ च राहतील आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल असे सांगितले गेले. ठेकेदारापुढे उभ्या असलेल्या माणसाची संमती कशी असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा थकलेले दोघेही आहेत. आमचे म्हणणे एवढेच की घरात विसाव्याचे जे चार तास आहेत ते सगळ्यांत वाटले गेले पाहिजेत. ते आपोआप वाटले जात नाहीत.

आम्ही काय केले ते सांगतो. सगळे सगळ्यांना जमले असे नाही.

पहिली गोष्ट, 'काम आटोपले की बसू' हे म्हणणे सोडले. घरातले काम आटोपत नसते. त्याऐवजी घड्याळातली वेळ धरली. रविवारी दुपारी दोन ते चार. सिंकमध्ये भांडी असोत, दोरीवर ओले कपडे असोत, दोन वाजले की हातातले ठेवायचे. सुरुवातीला दोघींना झोपच येईना, डोळे मिटले की भांडी दिसायची! पण चार-पाच रविवार गेले की शरीराला सवय लागते.

दुसरी गोष्ट जास्त कठीण गेली. आपण विसावा घ्यायचा तर ते काम कुणीतरी उचलले पाहिजे. 'मदत करतो' हा शब्दच आम्हाला नको झाला आहे. मदत म्हणजे काम तिचेच, हा फक्त हात लावणार आणि मीठ कुठे, डबा कुठे असे चार वेळा विचारणार. त्यापेक्षा एकेक काम पूर्ण एकेकाच्या नावावर करावे. दळण मुलाचे म्हणजे गहू संपत आलेत हे बघण्यापासून पीठ डब्यात भरण्यापर्यंत त्याचे. पाणी भरणे मिस्टरांचे, पहाटेच्या उठण्यासकट. रविवारचे मटण एका घरात आता पुरुषच करतात आणि बरे करतात, तेल थोडे जास्त पडते एवढेच. ज्यांच्या घरी वॉचमन आहेत तिथे हे जमले नाही. तिथे रविवारी मटणच बंद केले आणि बुधवारी, त्यांच्या पाळीच्या सोयीने, ठेवले. गोधड्या महिन्यातून एकदाच काढायच्या, तेही सुट्टी सोडून. आणि मुलींच्या बाबतीत आम्ही एक धरून आहोत, आईची दोन तासांची झोप मुलीच्या खेळण्याच्या वेळेतून कापून घ्यायची नाही. भाऊ बाहेर क्रिकेट खेळतोय आणि बहीण भांडी घासतेय, हे चालणार नाही.

रात्रपाळीवाल्यांच्या झोपेचे स्वतंत्र सांगितले पाहिजे. एका खोलीच्या घरात सकाळी आठला माणूस झोपतो तेव्हा कुकरची शिट्टी, टीव्ही, शेजाऱ्यांची भांडणे हे सगळे त्याच्या उशाशी असते. दवाखान्यात आया असलेल्या आमच्या भगिनीने खिडकीला जाड काळा कपडा लावला, कुकर तिच्या झोपेच्या आधीच उतरवायचा ठरवले आणि मुलांना सुट्टीच्या दिवशी अभ्यासाला विहारात पाठवले. विहाराची किल्ली त्यासाठी सकाळीच उघडणाऱ्या एका आजोबांकडे असते. मोठ्या माणसाला सात-आठ तास झोप लागतेच. रात्रपाळी केली म्हणून ती कमी होत नाही.

आता जरा नाजूक विषय. आपले रविवार कामाने खाल्ले तेवढेच कार्यक्रमांनीही खाल्ले आहेत. एकाच रविवारी एक साखरपुडा, एक नामकरण, एक जलदान विधी आणि संध्याकाळी जयंतीची मिटिंग! दुःखाला जावेच. पण प्रत्येक आनंदाला घरातल्या पाचही जणांनी जायचे, जेवून आल्याशिवाय यायचे नाही, आणि न गेल्यास 'आले नाहीत' असे नाव ठेवायचे, ही पद्धत आपणच लावून घेतली आहे. एका रविवारी एकच कार्यक्रम आणि घरातून एक-दोन माणसे, असे आम्ही आपसांत ठरवले. एक-दोन ठिकाणी रुसवे झाले. पण नंतर तीच मंडळी आमच्याकडे एकेकटी आली आणि तीही लवकर घरी गेली.

धुणी-भांडी करणाऱ्या भगिनींना एक सुचवावेसे वाटते. सुट्टी एकटीने मागू नका. एकटीला 'मग दुसरी बघते' असे ऐकावे लागते. एकाच इमारतीत काम करणाऱ्या आमच्यातल्या चौघींनी मिळून महिन्याच्या चार सुट्ट्या मागितल्या. दोन घरांनी चार दिल्या, काहींनी दोन, एका घराने नाही म्हटले. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची जी कर्तव्ये सांगितली आहेत ती त्या मागणीच्या वेळी आम्हाला उपयोगी पडली: ताकद बघून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोडात वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट! आमच्यातल्या एका आजींनी ती ऐकून विचारले, 'हे घरातल्या सुनेलाही लागू होते का गं?' सासवांकडे बघून पुष्कळ हसू झाले. प्रश्न मात्र तसा राहिला.

तरुण मुले यावर म्हणतात, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, मग आपण कसे झोपावे? जयंतीला अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो, तो चांगलाच आहे आणि आमचीही मुले त्यात बसतात. पण तो वर्षातला एक दिवस आहे. बाबासाहेबांनी शरीर झिजवले कारण त्यांच्यासमोर पिढ्यान् पिढ्यांचे काम होते, आणि त्याची किंमत मधुमेहाच्या, दुखऱ्या पायांच्या रूपाने त्यांनी मोजली. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, बागेतल्या झाडांची हौस केली, कुत्री पाळली. हे आपण मुलांना का सांगत नाही? सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करू लागला, तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. सोणाला पुष्कळ कळत होते, वीणा त्याच्या हातची होती, तरी त्याला हे सांगावे लागले.

फुरसतीत काय करावे यावर आमच्यात अजून एकमत नाही. मोबाईल बघत पडणे हा विसावा नव्हे असे काहींचे ठाम मत आहे. आया भगिनी म्हणते, मला अर्धा तास कुणी काही विचारत नाही तोच माझा विसावा, मग मी काहीही बघेन. आम्हाला दोघींचेही पटते. मात्र झोपण्याआधी मोबाईल हातातून ठेवावा. एकाच्या दोन चित्रफिती होतात आणि बाराचा एक वाजतो. दोघी गाण्याच्या सरावाला जातात. एक जण दुपारी नुसतीच दारात बसते आणि तिला ते आवडते. हिवाळ्यात कान्हेरीला गेलो होतो, डबे घेऊन. तिथे विहारांच्या ओसरीत भिक्खूंसाठी दगडातच बाकडी कोरलेली आहेत, शेजारी पाण्याची टाकी. एवढा मोठा डोंगर फोडणाऱ्यांना टेकायची जागा करायचे भान होते. त्या बाकड्यावर आमच्या झाडलोटवाल्या भगिनी पाऊण तास पाठ टेकून बसल्या होत्या, आणि कुणीही त्यांना उठवले नाही.

यंदाच्या वर्षावासात रविवारचे ग्रंथवाचन आम्ही तीनऐवजी साडेचारला ठेवले आहे. चहा पुरुष मंडळी करतील असे ठरले आहे. येताना आपापला कप आणावा, म्हणजे नंतर भांडी कुणालाच घासावी लागणार नाहीत.