धातुसेनाचा खजिना

श्रीलंकेत गेलेला प्रवासी सिगिरिया चुकवत नाही. मीही चुकवलं नाही. सपाट रानातून एकदम उठलेला सुमारे १८० मीटरांचा कातळ, वाटेत दगडी सिंहाचे अजस्र पंजे, कपारीत रंगवलेल्या त्या प्रसिद्ध स्त्रिया आणि माथ्यावर पाचव्या शतकातल्या काश्यप राजाच्या महालाची जोती. घामाघूम होऊन वर पोचलं की राजाच्या हौसेला दाद द्यावीच लागते.

या हौसेमागची कथा मात्र काळी आहे. काश्यपानं बापाची, धातुसेनाची, गादी बळकावली. खजिना कुठे दडवलास म्हणून त्याच्यामागे लकडा लावला. तेव्हा धातुसेन कलावेवा या स्वतः बांधलेल्या तलावावर गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि माझी दौलत एवढीच, असं त्यानं सांगितल्याचं जुनी बखर सांगते. मुलानं त्याचा जीव घेतला.

मग तो खजिना बघायला गेलो. इथे ना तिकीट, ना वाटाड्या. लांबच लांब बांध, कडेला अर्जुनाची जुनी झाडं, पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बायका, काठीवर पंख वाळवत बसलेला पाणकावळा. इथून निघालेला योध एला हा पाट ८७ किलोमीटर दूर अनुराधपुरापर्यंत जातो. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटीमीटर. ना दुर्बीण, ना यंत्र. तरी पाणी रेंगाळत नाही आणि काठही खरवडत नाही. बांध एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला पाणी चढावावर हवं तसं पसरतं.

लंका म्हणजे बारमाही हिरवाई, ही आपली समजूत इथे गळून पडते. हा मुलूख कोरडा. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी. तो अडवला नाही तर भात नाही. म्हणून तलाव. तोही अखंड टिकला असं नाही. मधली कित्येक शतकं तो फुटून रानात गडप झाला होता. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, पुन्हा बांधला गेला. गड पडला तरी बघायला लोक येतात. फुटलेल्या तलावाला कोण विचारतं? त्याला कुणीतरी गरजेपोटी माती टाकावी लागते, गाळ काढावा लागतो, पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात. असा वारसा जपायचा तर तो वापरावाच लागतो.

तिकीट सिगिरियाला आहे, ते रास्तच. काश्यपाच्या महालाला आता दुसरं उत्पन्न नाही; बापाच्या तलावाला मात्र पुढच्या हंगामाचा भात पिकवायचा आहे.