मिटलेलं प्रवाळ

टाकीतलं लेदर कोरल मिटलं की संशय पाण्यावर जातो आणि हात लगेच औषधाच्या बाटलीकडे. मला ही घाईच अधिक घातक वाटते. सार्कोफायटन प्रजातीचं लेदर कोरल अधूनमधून अंगावर मेणचट पापुद्रा धरतं आणि साचलेला गाळ, शेवाळ त्यासोबत टाकून देतं. त्यात कित्येक दिवस जातात. पाणी नीट खेळतं असलं की पापुद्रा आपसूक सुटतो. कुणी म्हणेल, थांबलो आणि प्रवाळ दगावलं तर? शंका रास्त आहे. म्हणूनच क्षारता दर हजारी ३५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश सेल्सिअस आणि अमोनिया शून्य आहे ना, हे त्याच दिवशी पाहावं; बुडखा मऊ पडून सडका वास येत असेल तर तो भाग कापायलाच हवा. पण मोजणं वेगळं, बदलणं वेगळं. एका दिवशी चार बदल केले तर कारण कधीच हाती लागत नाही. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर आणलेलं पाणीही या जिवांची उपासमार करतं, हे फार जण विसरतात. आणि सगळे आकडे बरोबर असूनही प्रवाळ मिटलेलंच राहिलं, तर शेजारी पाहावेत: मऊ प्रवाळं टर्पिन वर्गातली रसायनं सोडून एकमेकांशी झुंजतात, आणि ती घरगुती चाचणीत दिसत नाहीत. तिथे ताजा सक्रिय कोळसा कामी येतो.