सासऱ्यांचं टेबल आणि लाखेचं पॉलिश



आमच्या बोईसरच्या घरातला ओटा लहान. खाखरे लाटायला घेतले की भाजी चिरायला जागा उरत नाही. गॅलरीत सासऱ्यांचं सागवानी टेबल पडून होतं. दुकानाचा जमाखर्च ते त्यावरच लिहायचे. तेच ओट्याला जोडून घ्यायचं ठरलं. आपल्या पालघरकडच्या पावसात लाकूड फुगतं, म्हणून चौमासा संपेपर्यंत थांबले.

सुतारदादा म्हणाले, "ताई, चपडा लाखेचं पॉलिश मारू, आरशासारखं चमकेल. आणि पायांना भोकं पडलीत, त्यात औषध सोडू."

माझे हात तिथेच थांबले. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचे किडे लाख तयार करतात आणि ती काढताना त्यातले असंख्य मरतात. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार येतो, तो उगाच नाही. मधमाश्यांचं मेणही नको होतं. पण खरी धाकधूक त्या भोकांची होती. आत जीव असतील तर?

सासूबाई म्हणाल्या, "आधी बघ तर खरं." टेबलाखाली काळा कागद पसरला. पंधरा दिवस रोज सकाळी पाहिलं. ताजा भुसा एकदाही पडला नाही. भोकं फक्त पायांच्या कडेच्या पांढऱ्या लाकडात होती आणि जुनी होती. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग पुंजणीने सांदीकोपरे हलकेच झाडून घेतले.

एका कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावला, तर जुना थर चिकट होऊन सुटला. म्हणजे आधीचं पॉलिशही लाखेचंच! मला वाईट वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "झालं त्याचं मिच्छामि दुक्कडम्. पुढचं जयणेनं कर."

थर पुसून काढला. मग 80, 120 आणि शेवटी 220 नंबरचा काचपेपर, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. वर जवसाचं कच्चं तेल लावलं. रंगाच्या दुकानातलं 'डबल बॉईल्ड' घेतलं नाही, कारण त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार असू शकतात आणि इथे कणीक मळायची आहे. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसायचं, आठवडाभर वाळू द्यायचं. असे चार हात दिले, महिना गेला.

एक लक्षात ठेवा, तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळे पसरून वाळवा.

टेबल आरशासारखं चमकत नाही. गरम पातेल्याखाली पाटली ठेवावी लागते, दर दोन-तीन महिन्यांनी तेलाचा हात द्यावा लागतो. उजव्या कोपऱ्यातला सासऱ्यांच्या शाईचा डाग सुतारदादा घासून काढणार होते. तो मी राहू दिला.

काल सासूबाईंनी त्याच कोपऱ्यावर पोळपाट ठेवला, आणि मांडण्याआधी डागावरून एकदा हात फिरवला.