शेवटच्या टोकाचं होल्टेज

आमच्याकडं व्होल्टेज म्हणत नाहीत, होल्टेज म्हणतात. ‘लाईट आहे, पण होल्टेज नाही’ हे वाक्य केज तालुक्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बल्ब पेटलेला असतो, पण आतली तार नुसती लालसर दिसते. पंख्याची पाती एकेक मोजता येतात. परळीत १९७१ पासून कोळशावर वीज होते, मोठ्या लाईनचे मनोरे शिवारात उभे असतात. आणि डीपीपासून सगळ्यात लांबच्या आमच्या घरात संध्याकाळी मीटर लावला, तर दोनशे तीसच्या जागी एकशेसाठ.

टीव्हीखाली स्टॅबिलायझर होता. आतला रिले टक् वाजला की आई म्हणायची, “उचललं बघ.” फार पुढं मला कळलं की आमच्या घरात होल्टेज उचलताना तो डबा तारेतून करंट जास्त ओढतो, आणि त्याच तारेवरच्या शेजाऱ्यांचं आणखी थोडं पडतं. उलटही होत असे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या, गल्लीतली निम्मी घरं कुलूपबंद झाली, म्हातारी माणसं तेवढी मागं राहिली, की आमचा बल्ब पांढरा पेटायचा. लहानपणी त्या उजेडाचा आनंद व्हायचा. आता तो उजेड आठवला की आधी ती कुलपं दिसतात.

कॉलेजसाठी अंबाजोगाईला राहत होतो तेव्हा एका मित्राकडून जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं, जीफोर्स ६६०० जीटी. २००४ साली आलेलं, ५०० मेगाहर्ट्झवर चालणारं. मला ते ५६० वर न्यायचं होतं. सॉफ्टवेअरमधून आकडा वाढवता येई, पण थोड्या वेळानं पडद्यावर रंगीत ठिपके उमटत आणि सगळं गोठून जाई. चिपमधले ट्रान्झिस्टर त्या वेगानं उघडझाप करायला कमी पडत होते. त्यांना दाब थोडा जास्त हवा होता. आमच्या घरासारखंच, असं तेव्हा वाटलं.

पण तसं नव्हतं. भिंतीतलं होल्टेज कितीही डुगडुगो, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय टिकून आहे तोवर त्या चिपचे १.४ व्होल्ट जागचे हलत नाहीत. हे का, याचा शोध घेताना मी कार्डावरच्या कंट्रोलर आयसीची डेटाशीट छापून आणली, आणि त्या कागदांनी मला पुढचे कितीतरी महिने झपाटून टाकलं. कार्डाच्या कडेला कॉइल, कपॅसिटर आणि मॉस्फेट यांची रांग असते. सप्लायकडून आलेलं होल्टेज तिथं खाली आणलं जातं. किती खाली, हे कंट्रोलर ठरवतो. आणि ठरवतो तो विचारून. चिपपाशी पोचलेलं होल्टेज दोन रेझिस्टरमध्ये विभागून त्याच्या फीडबॅक पिनवर परत येतं. त्याच्याजवळ स्वतःचं एक ठरलेलं माप असतं; अनेक आयसींमध्ये ते ०.८ व्होल्टचं. परत आलेला आकडा त्याहून कमी भरला तर तो जास्त सोडतो, जास्त भरला तर हात आखडतो. हे सेकंदाला लाखो वेळा चालू असतं.

शेवटच्या टोकाला काय पोचलं, हे तो सतत विचारत असतो. मी ते पान परत परत वाचलं. आमच्या गल्लीतल्या तारेला असा विचारणारा कुणी नव्हता.

बदल करायचा तो या विचारपुशीतच. समजा वरचा रेझिस्टर ७५० ओहमचा, खालचा, म्हणजे ग्राउंडकडचा, १००० चा. हिशेब बरोबर १.४ व्होल्टवर येतो. खालच्याला समांतर २० हजार ओहम जोडले की तो ९५२ भरतो. पिनवर आकडा कमी दिसतो, कंट्रोलर ती कमतरता भरून काढतो, आणि चिपला १.४३ व्होल्ट मिळतात. १० हजार जोडले तर १.४६.

पहिल्यांदा हे मी शिसपेन्सिलीनं केलं. रेझिस्टर तिळाहून लहान, काळी पाठ, दोन्ही टोकांना चांदीसारखी टोपी. टोक काढलेली मऊ पेन्सिल या टोपीपासून त्या टोपीपर्यंत हळूच फिरवायची. पेन्सिलीची ती पुसट रेघ हाच समांतर रेझिस्टर. एक रेघ, मीटर लावून बघायचं. दुसरी रेघ, पुन्हा मीटर. जास्त झालं तर स्पिरिटचा बोळा. पण ती रेघ गरम होऊन, धूळ बसून आकडा बदलते, म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून २० हजार ओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूनं कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, आणला. आधी तो पूर्ण वरच्या मापाला फिरवून ठेवायचा, मग जोडायचा. घाईत उलटा राहिला तर पहिल्याच क्षणी चिप संपते. जोडायला हवी होती केसासारखी तार, आणि तशी तार केजमध्ये एकाच ठिकाणी हमखास मिळायची.

मामांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात दाराशी जळालेल्या पंपांची रांग, आत वॉर्निशचा वास. होल्टेज पडलं की भाराखालची मोटार करंट जास्त ओढते, वायंडिंग तापतं, जळतं, शेतकरी मोटार मोटारसायकलवर मागं बांधून आणतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “आज होईल का?” पाणी द्यायचं राहिलेलं पीक त्याच्या डोळ्यांत असतं. मामांनी आयुष्यभर कमी होल्टेजनं जळालेली तांब्याची तार उकलली. मी त्यांच्याच टेबलावर जास्त होल्टेजची तयारी करत बसलो होतो.

“काय करू लागलास रे?”

“ह्याचं होल्टेज उचलायलोय, मामा.”

“किती देतो त्याला?”

“दीड.”

“दीडशे?”

“नाही, दीड. एक आन अर्धा.”

त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं. प्रीसेटचा स्क्रू मी हळूहळू फिरवला. १.४३, १.४६, १.५०. ५६० मेगाहर्ट्झवर ठिपके नाहीत, गोठणं नाही. चित्र वाहत्या पाण्यासारखं सरकत होतं. छाती भरून आली. पण दाब वाढला की उष्णता त्याच्या वर्गानं वाढते, आणि वेगाची भर वेगळी. माझ्या हिशेबानं जवळजवळ तीस टक्के. वर मे महिना, पत्र्याचं छत. अशा उष्णतेत चिपच्या आतल्या बारीक तारांमधले धातूचे अणू करंटच्या रेट्यानं जागचे सरकू लागतात आणि एक दिवस तार तुटते. ती उकलून पुन्हा गुंडाळणारं दुकान जगात कुठं नाही.

मामांना यातलं मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मोटारीच्या अंगावर ठेवतात तसा तळवा कार्डाच्या हीटसिंकवर टेकवला आणि मोजायला लागले. पाचपर्यंत हात टिकला तर मोटार बरी, हा त्यांचा नेम. तिसऱ्यालाच हात उचलला.

“सोसंना त्याला.”

मी स्क्रू पाव फेरा मागं घेतला. वेग ५४० वर आणला. टेबलफॅन ओढून कार्डाकडं वळवला. दोघंही गप्प बसून राहिलो. थोड्या वेळानं मामांनी हात पँटला पुसला, पुन्हा टेकवला.

“एक... दोन... तीन...”