अधिछात्राच्या पत्रातील शब्द

२६ जून २०२३ रोजी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने एक कार्यालयीन ज्ञापन काढले. त्यानुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली जेआरएफ, दरमहा ३१,००० रुपयांवरून ३७,००० झाली. वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, म्हणजे एसआरएफ, ३५,००० वरून ४२,००० झाली. वाढ १ जानेवारी २०२३ पासून लागू होती. बातमी देशभर पसरली आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींच्या घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला: यातले आपल्याला किती मिळणार? त्याचे उत्तर बातमीत नव्हते. ते प्रवेशपत्रातील आणि मंजुरीपत्रातील शब्दांत होते, आणि ते शब्द वाचायला कोणत्याही एम.एस्सी.च्या वर्गात शिकवले जात नाही.

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्ही एकाच अर्थाने वापरले जातात. शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि अधिछात्रवृत्ती. 'वृत्ती' म्हणजे उपजीविकेचे साधन. गावातल्या जोशीपणाच्या वृत्तीतला हाच शब्द. 'वेतन' म्हणजे कामाचा मोबदला. शिकण्यासाठी दिलेले साहाय्य ही शिष्यवृत्ती. संशोधन हेच ज्याचे पूर्णवेळ कार्य आहे, त्याच्या निर्वाहाची तरतूद ही अधिछात्रवृत्ती. तिसरा प्रकार सहायकवृत्तीचा. गेट परीक्षेच्या आधारे एम.टेक. करणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात, तेव्हा आठवड्यातील काही तास अध्यापनात किंवा प्रयोगशाळेत मदत करणे त्याच्याकडून अपेक्षित असते. पैसा तोच, पण त्यामागचा करार वेगळा. जो हा करार ओळखत नाही, त्याला आपला हक्क कोणता आणि आपले कर्तव्य कोणते, हे कळायला दोन वर्षे लागतात.

मराठवाड्यातील एका लहान गावातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली एक विद्यार्थिनी होती. घराण्यात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ती पहिली. २०२४ मध्ये ती नेट उत्तीर्ण झाली आणि घरी पेढे वाटले गेले. परंतु २०२४ पासून नेटचा निकाल तीन श्रेणींत लागू लागला आहे. पहिल्या श्रेणीत जेआरएफ, साहाय्यक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता, असे तिन्ही मिळते. दुसरीत जेआरएफ वगळता उरलेले दोन. तिसरीत फक्त पीएच.डी. प्रवेशासाठीची पात्रता, आणि तिची मुदत एक वर्ष. ती तिसऱ्या श्रेणीत होती. दार उघडले होते, शिध्याची सोय झालेली नव्हती. हे तिला कळले ते अभिनंदनाचे फोन थांबल्यावर, गुणपत्रक दुसऱ्यांदा वाचताना.

पुढे तिच्या हाती दोन पत्रे आली. एक परराज्यातील केंद्रीय विद्यापीठाचे, पीएच.डी.च्या तात्पुरत्या प्रवेशाचे. त्यात 'नियमानुसार अधिछात्रवृत्ती' असे शब्द होते. केंद्रीय विद्यापीठांत ज्यांना नेटमधून जेआरएफ मिळालेली नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची 'नॉन-नेट' अधिछात्रवृत्ती असते. पीएच.डी.साठी ती दरमहा ८,००० रुपये आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा दिल्लीत आयोगाच्या दारात विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला आणि ती टिकली. रक्कम मात्र ८,००० वरच राहिली. २०२३ च्या वाढीचा तिला स्पर्श झाला नाही. ज्या घराने 'सदतीस हजार' वाचून हिशेब मांडला होता, त्या घरासाठी 'नियमानुसार' या एका शब्दाची किंमत दरमहा २९,००० रुपये होती.

दुसरे पत्र एका संशोधन संस्थेचे, एका प्राध्यापकांच्या प्रकल्पातील पदाचे. रक्कम पहिल्या पत्राच्या कितीतरी पट. परंतु त्यात लिहिले होते की नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच राहील. प्रकल्प तीन वर्षांचा होता आणि त्यातले एक वर्ष सरले होते. शिवाय प्रकल्पात नेमणूक होणे म्हणजे पीएच.डी.ला नोंदणी होणे नव्हे. ती वेगळी प्रक्रिया आहे आणि पत्रात तिचा उल्लेख नव्हता. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा व कमाल सहा वर्षांचा. म्हणजे एका पत्रात प्रबंधाची वाट होती पण वाटखर्ची नव्हती. दुसऱ्यात वाटखर्ची होती, ती निम्म्या वाटेपर्यंतच.

हा पेच तिच्या एकटीचा नाही. भारतात संशोधनाचा पैसा एका हौदातून येत नाही. एका टोकाला २०१८ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेली पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती आहे: पहिली दोन वर्षे दरमहा ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढील दोन वर्षे ८०,००० रुपये, आणि त्याखेरीज वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान. दुसऱ्या टोकाला ते ८,००० आहेत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. एकाच प्रयोगशाळेत एकाच उपकरणापुढे बसलेल्या चौघांच्या खात्यांत चार वेगळ्या रकमा जमा होतात. हे समजून घेतले नाही, तर शेजाऱ्याची रक्कम ऐकून मनात उगाच कमीपणा येतो किंवा उगाच भ्रम होतो.

मूळ रकमेच्या पुढे येतो घरभाडे भत्ता. अधिछात्रवृत्तीवरील हा भत्ता केंद्रीय नियमांप्रमाणे ठरतो. शहरांचे तीन वर्ग आहेत: एक्स, वाय आणि झेड. पुणे आणि मुंबई पहिल्या वर्गात. १ जानेवारी २०२४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीचे दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के आहेत. त्या दराने ३७,००० रुपयांवर पुण्यात ११,१०० रुपये होतात, तर लहान शहरात ३,७००. मात्र वसतिगृहात खोली मिळाली की हा भत्ता मिळत नाही. म्हणून 'एकूण ४८,१००' असा आकडा ऐकला, तर तो कोणत्या शहराचा आणि कोणत्या छपराखालचा, हे आधी विचारावे.

त्यानंतर आकस्मिक अनुदान. आयोगाच्या जेआरएफमध्ये विज्ञान शाखेसाठी ते पहिली दोन वर्षे वर्षाला १२,००० आणि पुढे २५,००० रुपये आहे. ही रक्कम खिशातली नव्हे. पुस्तके, रसायने, परिषदेचा प्रवास अशा कामासाठी ती असते आणि तिचा हिशेब पावत्यांसह द्यावा लागतो. घरच्या हिशेबात ती धरू नये. आणि दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ होते, ती आपोआप होत नाही. समिती कामाचे मूल्यमापन करते, मग बढतीचा कागद निघतो. ती बैठक लांबली, तर ३७,००० चे ४२,००० होणेही लांबते. मागाहून मिळते त्याला थकबाकी म्हणतात. हा शब्द संशोधक फार लवकर शिकतो.

कारण रकमेइतकाच महत्त्वाचा प्रश्न ती केव्हा जमा होते, हा आहे. आयोगाची अधिछात्रवृत्ती थेट बँक खात्यात येते, पण त्यासाठी विद्यापीठाने संबंधित पोर्टलवर दर महिन्याला विद्यार्थ्याची खातरजमा करावी लागते. एखाद्या विभागातील लिपिक रजेवर गेला, एक सही राहिली, की महिना कोरडा जातो. मेसचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येते. ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात, त्याला ही केवळ गैरसोय वाटते. ज्याने घरी पैसे पाठवायचे असतात, त्याच्यासाठी हा प्रश्न संशोधन सोडावे की काय, इथपर्यंत जातो.

'पगार सुरू झाला का?' असे नातेवाईक विचारतात. हा पगार नव्हे, हे सांगणे अवघड असते, पण ते खरे आहे. त्यात महागाई भत्ता नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, वार्षिक वाढ नाही. २०१९ मध्ये ठरलेली रक्कम २०२३ पर्यंत तशीच राहिली. चार वर्षांनी झालेली वाढ सुमारे वीस टक्के होती. दोन वाढींमधल्या प्रत्येक वर्षी तीच रक्कम थोडी थोडी लहान होत जाते. दुसऱ्या बाजूला, शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीला १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१६) ने करातून सूट दिलेली होती. शब्दांमधला भेद येथे थेट पैशांत मोजला जातो.

त्या विद्यार्थिनीने अखेर एक गोष्ट केली, जी आपल्याकडे फारसे कोणी करत नाही. तिने दोन्ही ठिकाणी पत्र लिहून चार प्रश्न विचारले. रक्कम नेमकी किती आणि कोणत्या योजनेतून? ती किती महिन्यांपर्यंत? पीएच.डी.ची नोंदणी कोणत्या विद्यापीठात आणि केव्हा? मुदत संपल्यावर उरलेल्या काळाची व्यवस्था काय? पाठवण्याआधी आठवडाभर ते पत्र तिच्याकडे पडून होते. ज्ञानाच्या दारी पैशाचे विचारणे बरे दिसत नाही, ही शिकवण घरातून आलेली होती, आणि महाविद्यालयाने ती खोडून काढली नव्हती. विद्यापीठाकडून एका ओळीचे उत्तर आले: नियमानुसार. प्राध्यापकांनी सविस्तर लिहिले: निधी दोन वर्षांचाच आहे, नोंदणी पहिल्या सहामाहीत करून देता येईल, पण त्यानंतरची हमी देता येणार नाही, दरम्यान नेट पुन्हा द्यावी.

तिने प्रकल्प स्वीकारला. दुसऱ्या उत्तरात हमी नव्हती, पण मुदत स्पष्ट होती, आणि मुदत माहीत असली की तयारी करता येते. दिवसा प्रयोगशाळा आणि रात्री जुन्या प्रश्नपत्रिका, असे तिचे पहिले वर्ष गेले. पहिल्या प्रयत्नात जेआरएफ काही गुणांनी हुकली, पुढच्या प्रयत्नात मिळाली. प्रकल्प संपला तेव्हा तिची नोंदणी झालेली होती आणि अधिछात्रवृत्ती तिच्या स्वतःच्या नावावर होती. तिच्याबरोबर रुजू झालेल्या दुसऱ्या एका मुलाने हे प्रश्न विचारले नव्हते. निधी संपल्यावर तो एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवू लागला. बुद्धीत तो कणभरही उणा नव्हता.

प्रवेशाचे दिवस आले की एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना कोणता विषय घ्यावा, कोणता मार्गदर्शक चांगला, याचा सल्ला भरपूर मिळतो. त्याबरोबर वरचे चार प्रश्नही त्यांच्या हाती द्यावेत. ते विचारल्याने कोणतीही चांगली संस्था दुखावत नाही, आणि जी दुखावते तिच्याविषयी सही करण्यापूर्वीच पुरेसे कळून येते. आपल्या माहितीतील कोणी विद्यार्थी यंदा असे पत्र हाती घेऊन बसला असेल, तर त्याच्याजवळ बसावे आणि ते पत्र त्याच्यासोबत एकदा ओळीओळीने वाचावे.